टाऊन हॉलचं रजिस्टर

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी
आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका

विषय : दुरुस्त झालेला टाऊन हॉल पालिकेच्याच ताब्यात व रोजच्या वापरात ठेवणेबाबत.

महोदय, महोदया,

वरची ओळ सवयीने लिहिली गेली. एकोणतीस वर्षं पालिकेत कारकुनी केली, 'ठेवणेबाबत'शिवाय कागद सुरूच होत नाही. पुढचं मात्र आपण बोलतो तसं लिहिते. पत्र खुलं लिहायचं कारणही सांगून टाकते. आवक-जावकला दिलेल्या पत्राचं पुढे काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ती पत्रं बारनिशीत मीच चढवत होते.

पालिकेत मी बऱ्याच टेबलांवर बसले. जन्म-मृत्यू झालं, घरपट्टी झाली, शेवटी आस्थापना. पण गावात ओळख राहिली ती 'हॉलवाली बाई' म्हणून, कारण या सगळ्याच्या जोडीला हॉलच्या आरक्षणाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. अजूनही भाजी बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, हॉल कव्हय उघडी?" जशी काही किल्ली माझ्याच कमरेला आहे.

उद्‌घाटन होऊन चार महिने झाले. हॉलला कुलूप आहे. आणि आता येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हॉल 'व्यवस्थापन व देखभालीसाठी' बाहेरच्या एजन्सीला चालवायला देण्याचा विषय आहे, असं कळलं. म्हणून हे पत्र.

आधी चांगलं ते बोलते. काम चांगलं झालंय. तोंडदेखलं म्हणत नाही, मी रोज दुपारी छत्री घेऊन तिथे जाऊन उभी राहत होते. मूळ इस्टिमेटमध्ये कौलारू छपराच्या जागी स्लॅब आणि आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर होतं. ते कुणीतरी बदलून घेतलं, आणि चुन्याचं काम चुन्यानेच करायचं ठरलं. या एका गोष्टीसाठी मी तुमच्या सगळ्या जुन्या चुका माफ करायला तयार आहे.

कारण सिमेंटने काय केलं होतं ते मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलंय. मागे कधीतरी दुरुस्ती म्हणून आतल्या भिंतींना कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंट थापलं होतं. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. चुन्याच्या भिंतीतून ती हळूहळू बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटमधून तिला वाट मिळत नाही, मग ती सिमेंट जिथे संपतं तिथे, वरच्या कडेला, बाहेर येते. म्हणून आपल्या हॉलला चारी बाजूंनी बरोबर कंबरेएवढ्या उंचीवर लोण्याचा पांढरा पट्टा होता. (खायच्या लोण्याचा नव्हे, भिंतीला लागतो त्या लोण्याचा.) दर दिवाळीला त्यावर डिस्टेंपर मारायचा, दर श्रावणात तो पोपडे टाकून पुन्हा हजर. मी आमच्या इंजिनिअरांना विचारलं होतं. ते म्हणाले, इमारत जुनी आहे, चालायचंच.

या वेळी तो सगळा थर खरवडून काढला. मागच्या अंगणात खड्डा केला, त्यात कळीचा चुना विरवला. पाण्यात चुना पडला की पाणी असं रटरटायचं, जसं भाताचं आधण. मग तो चुना मुरत ठेवला. त्यात चाळलेली वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. मिस्त्री बऱ्हाणपूरकडचा होता, पण त्याच्या हाताखाली आपल्याच गावचा एक म्हातारा गवंडी होता. वैशाखातलं ऊन, बाहेर ४३-४४ अंश, आणि हा माणूस नव्या भिंतीवर ओलं गोणपाट टांगून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी मारतोय. मी विचारलं, बाबा, किती दिवस चालणार हे? तो म्हणाला, "सिमिट एक रातमा धरस बाई, चुना म्हैनाभर लेस. चुनाले घाई चालत नही." आणि पुढच्या भिंतीकडे गेला. ठेकेदाराचा पोरगा मोबाइलवर बिलाच्या तारखा बोलत होता, त्याच्याकडे म्हाताऱ्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

छपराचंही तसंच. मंगलोरी कौलं उतरवली तेव्हा प्रत्येक कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उमटलेलं दिसलं. शंभरेक वर्षं ते कुणी वाचलं नसेल. जी कौलं धड निघाली ती सगळी रस्त्याकडच्या उतारावर पुन्हा चढवली, नवी घातली ती मागच्या बाजूला. रस्त्याने जाणाऱ्याला छप्पर होतं तसंच दिसतं. ही अक्कल कुणाची ते मला कळलं नाही. ज्याची असेल त्याने एकदा माझ्याकडे वरण-बट्टी खायला यावं.

इतकं सगळं करून कुलूप लावायचं?

हा हॉल कशासाठी बांधला ते जरा आठवू या. तो काळ कापसाचा. १९०० च्या सुमाराला तापी व्हॅली रेल्वे पुरी झाली, सुरतेकडून नंदुरबार, अमळनेर करत आगगाडी जळगावला आली. गावोगावी जिनिंग-प्रेसिंग निघाले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याच साली अमळनेरात प्रताप मिल उभी राहिली. त्या गिरणीच्या शेठजींनी दहा वर्षांनी, १९१६ साली, गावात काय काढलं? तत्त्वज्ञानाची संस्था. धुळ्यात १९२६ च्या शेवटच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे गेले, आणि १९२७ च्या जानेवारीत लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केलं. कापूस विकून पुस्तकांची, दप्तरांची आणि सभांची छपरं बांधणारी ती पिढी होती. आपला हॉल त्यातलाच. व्हाइसरॉय रिपनसाहेबाच्या १८८२ च्या ठरावापासून पालिकांमध्ये लोकांनी निवडलेले सभासद बसायला लागले. त्यांना बसायला, भांडायला आणि गावाला ते भांडण ऐकायला जागा हवी होती. तुमच्या सर्वसाधारण सभाही नवी इमारत होईपर्यंत याच हॉलमध्ये व्हायच्या. व्यासपीठासमोर लाकडी कठडा होता आणि कठड्याच्या अलीकडे गावातलं कुणीही येऊन बसायचं. आता नव्या सभागृहात काचेचं दार आहे. असो.

मोठे सोहळे काय, मांडवातही होतात. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि तिथेच मिळणाऱ्या सामानातून ते नगर सजवलं होतं. अमळनेरला १९५२ साली साहित्य संमेलन झालं, नंतर थेट २०२४ साली. अशा गोष्टी बहात्तर वर्षांतून एकदा येतात, तेव्हा मैदानात मांडव घालता येतो आणि तो उठवताही येतो. हॉल लागतो तो मंगळवारी संध्याकाळी बावीस माणसांना बसायचं असतं तेव्हा. त्या बावीस माणसांसाठी कुणी मांडव घालत नाही.

माझ्या रजिस्टरात बहुतेक अशाच नोंदी आहेत. सात रकाने होते : तारीख, अर्जदार, कारण, भाडे, अनामत, अनामत परत, सही. कारणाच्या रकान्यात भजन स्पर्धा, रक्तदान, हमाल-मापाड्यांची बैठक, दहावीच्या मुलांचा सत्कार. केळीवाल्यांची पीक विम्याची सभा, ती दर वर्षी, आणि दर वर्षी आरडाओरडा. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले : सकाळी नऊलाच म्हाताऱ्यांची रांग, आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला आलेली. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा पहिलं टेबल हॉलच्या ओट्यावर लागलं. आधी बाया यायला कचरत होत्या, मग एकीने पोर पुढे केलं आणि ओटा भरला. शोकसभा तर किती. गावात कुणी जाणतं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन विचारायचं, "बाई, परवा सहाला हॉल मोकळा आहे का?" शोकसभेचं भाडं घ्यायचं नाही असा ठराव होता. कोणत्या सालचा ते आता आठवत नाही, पण तो ठराव करणाऱ्यांना शहाणपण होतं.

एकदा तापीला पूर आला. नदीकाठची घरं उठवून माणसं रात्रीतून हॉलमध्ये आणली. आठ दिवस होती. शेळ्या मागच्या अंगणात, चुली व्हरांड्याच्या खाली, पोरं व्यासपीठावर झोपलेली. नवव्या दिवशी सगळे गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. कारणाच्या रकान्यात 'पूर' लिहिलं. भाड्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली. अर्जदार म्हणून काय लिहायचं ते सुचेना, तो रकाना तसाच ठेवला. ऑडिटवाल्याने त्यावर शेरा मारला नाही, तेवढा तो माणूस भला.

आता एजन्सीचं बोलू.

नगरपरिषद अधिनियम १९६५, कलम ९२. पालिकेला आपली स्थावर मिळकत शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच विषयात 'भाडेपट्टा' शब्द टाळून 'व्यवस्थापन' लिहिलंय. तीन वर्षांच्या आतला भाडेपट्टा असेल तर वाट वेगळी आहे, तेही मला माहीत आहे. आणि ती वाट पुढे कुठे जाते तेही. पालिकेचे गाळे आठवा. मुदत संपते, मुदतवाढ मिळते, मुदतवाढीला मुदतवाढ मिळते, मग कोर्टाची तारीख पडते. गाळा एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा आणि भाडं तिसऱ्याच्या खिशात. त्या फायली मी हाताळल्या आहेत. कोणत्या कपाटात आहेत तेही सांगेन.

एजन्सी हॉल घेणार ती कशासाठी? बावीस माणसांच्या मंगळवारसाठी नक्की नाही. ती लग्नांसाठी घेणार. पैसे तिथेच आहेत, तिला दोष देत नाही. पण लग्न हॉलला काय करतं ते ऐका. डेकोरेशनवाला भिंतीत खिळा मारतो. सिमेंटच्या भिंतीला भोक पडतं. चुन्याच्या भिंतीचा ताटलीएवढा पोपडा खाली येतो. डीजेच्या भिंती लागल्या की वरची कौलं सरकायला लागतात. लगेच नाही, पण चार लग्नांनंतर एक कौल इंचभर खाली आलेलं असतं आणि पहिल्या पावसात तिथून धार लागते. धार कैचीच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या सांगाड्याच्या, लाकडावर पडते, ओल्या लाकडाला वाळवी लागते. आचारी व्हरांड्यात भट्ट्या लावतो, तळणाचा धूर वर जाऊन झरोक्यांच्या जाळीवर चिकटतो. मग एजन्सी म्हणणार, उकडतं फार, एसी लावू. एसीसाठी खोटं छत घालणार. खोटं छत घातलं की आपली ती उंच कैची दिसेनाशी झाली, झरोके बंद झाले, गळतं कुठे ते कळेनासं झालं. ज्याने हा हॉल बांधला त्याने खानदेशचा उन्हाळा धरूनच छप्पर इतकं उंच नेलं होतं, गरम हवा वर चढून झरोक्यांतून निघून जावी म्हणून. मे महिन्याच्या दुपारी बाहेरून आत आलं की अंगावरचा घाम दोन मिनिटांत सुकायचा. मी तिथे बसून हिशोब केलेत, मला कुणी पटवून सांगायला नको.

पण लग्नांना माझा सरसकट विरोध आहे असं समजू नका. इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. रजिस्टरात लग्नंही आहेत, आणि त्या भाड्यावरच हॉलच्या विजेची बिलं भरली जायची. कोणाची लग्नं? बायपासला लॉन्स झाली तसे पैसेवाले तिकडे गेले. हॉलवर आले ते सफाई कामगार, हातगाडीवाले, शेतमजूर, मागच्या गल्लीतले शिंपी. त्यांना लॉनचं भाडं परवडत नाही. हॉल एजन्सीकडे गेला की भाडं लॉनच्या जवळपास जाणार, आणि नेमकी हीच लग्नं रस्त्यावर येणार, शब्दशः, मांडव टाकून रहदारी अडवून. म्हणून माझं म्हणणं असं : लग्न होऊ दे, सकाळचं, बिनडीजेचं. स्वयंपाक आवाराबाहेर. सजावट उभ्या स्टँडवर, भिंतीला हात न लावता. अनामत अशी की खिळा मारणाऱ्याने दोनदा विचार करावा, आणि महिन्यातले ठरावीक दिवसच. बाकीचे दिवस सभा, वाचन, तालमी, शिबिरं. दर पालिकेने ठरवायचा, पावती पालिकेची.

पैसे येणार कुठून, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दुरुस्तीला शासनाचं अनुदान मिळालं. बांधायला अनुदान मिळतं, झाडायला मिळत नाही. प्रत्येक इमारतीचं तेच होतं. फीत कापायला निधी असतो, कोनशिलेला असतो, पण पावसाळ्याआधी पन्हाळीतला पाला काढायला चारशे रुपयांचं व्हाउचर मंजूर होत नाही. मी अशी व्हाउचरं परत आलेली पाहिली आहेत, त्यावर 'चर्चा करा' असं लिहिलेलं. चर्चा होईपर्यंत मृग निघून जायचा. हॉलचं भाडं सामान्य निधीत बुडवू नका. वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि त्यातूनच हॉलची कौलं, पन्हाळी, वायरिंग, झाडू. एक ठराव लागतो, बस. मसुदा हवा असेल तर मी लिहून देते, फुकट.

बायकांच्या एका गोष्टीबद्दल लिहिलं नाही तर मला घरी जाऊन झोप लागणार नाही. जुन्या हॉलला बायकांसाठी संडास-मुतारी नव्हतीच. पुरुषांची होती, मागच्या भिंतीलगत, वासावरून सापडायची. व्याख्यान असलं की बाया दुपारपासून पाणी पीत नसत. एप्रिल-मे महिन्यात. मी स्वतः पीत नव्हते, आणि मी तर तिथली नोकर. मी तीनदा टिपणी ठेवली. तिन्ही वेळा 'निधी उपलब्ध नाही'. या दुरुस्तीत अखेर मागे दोन स्वच्छ संडास झाले. उद्‌घाटनाच्या दिवशी मी बघायला गेले तर दारावर कागद चिकटवलेला, 'फक्त मान्यवरांसाठी', आणि कुलूप. पाहुण्यांच्या बरोबर आलेल्या एका बाईंना किल्ली मिळाली. बचत गटाच्या पन्नास बाया फेटे बांधून स्वागताला उभ्या होत्या, त्यांना नाही मिळाली. तो कागद कुणी लावला मी विचारत नाही. काढला का, एवढं सांगा.

दुसरी भीती आगीची. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून रडले, कोल्हापूरशी माझं काही नातं नसताना. आपल्याही हॉलचं छप्पर सागवानाचं आहे. वायरिंग नवं झालंय ते ठीक, पण उद्‌घाटनाच्या दिवशी भिंतीवर लाल नळकांडी टांगलेली होती त्यांच्या चिठ्ठीवर पुढची तपासणी कधी, तो रकाना कोरा होता. रकाने कोरे ठेवायची पालिकेची सवय मी ओळखते. व्यासपीठाच्या मागच्या खोलीत आताच जुन्या निवडणुकीच्या कापडी फलकांचे गठ्ठे आणि रंगाचे डबे आलेत. ते आधी काढा. हॉलची आग तिथून लागेल.

आणि कुणाच्या डोक्यात 'हेरिटेज' करून ठेवायची कल्पना असेल तर त्याबद्दलही. फाटकाशी 'आय लव्ह' अशी लाल अक्षरं उभी केलीत, पुढे गावाचं नाव. पोरं फोटो काढतात, काढू देत. पण आत दोर लावून, चार जुने फोटो टांगून, पाहुणे आले की उघडायचं आणि गेले की लावायचं, असं करू नका. माझी मुलगी मुंबईला असते. तिच्याकडे गेले की मी एकदा तरी फोर्टात जाऊन टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसते. १८३३ सालची इमारत. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय अजून चालतं, आणि बाहेर तीस पायऱ्या, त्यावर कॉलेजची पोरं, डबा खाणारे कारकून, माझ्यासारख्या पाय दुखणाऱ्या बाया. कुणी तिकीट मागत नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्याच मालकीचं. त्याच्या दुरुस्तीला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पालिकेला जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे जाऊन यावं. आपल्याला पुरस्कार नको. दार उघडं हवं.

दार उघडं असण्याचा फायदा फक्त माणसांना नाही, इमारतीलाही आहे. हे मला हॉलच्या शिपायाने शिकवलं. तो सेवानिवृत्त होऊन गेला, आता हयात नाही. रोज सकाळी साडेसातला तो सगळ्या खिडक्या उघडायचा, एका ठरलेल्या क्रमाने, आधी पश्चिमेच्या, मग पूर्वेच्या. उघडता उघडता वर बघायचा. कौल सरकलं असेल तर उजेडाची एक रेघ खाली फरशीवर पडते. ती रेघ त्याला दिसली की तो खडूने त्या जागी फुली मारायचा आणि मला सांगायचा, "बाई, आज एक फुली." पारवे कुठे घरटं करतायत, कुठल्या खिडकीची खिट्टी ढिली झाली, कोपऱ्यात वाळवीची माती दिसतेय का, सगळं त्याला खिडक्या उघडता उघडता कळायचं. तो गेला, त्या जागेवर दुसरा माणूस भरला नाही. दोन पावसाळ्यांत छप्पर गेलं आणि हॉल 'धोकादायक' म्हणून बंद झाला. इंजिनिअरांच्या अहवालात कारणं बरीच लिहिली होती. फुल्या मारणारं कुणी उरलं नव्हतं, ते काही त्यात नव्हतं.

तेव्हा एजन्सीच्या टेंडरआधी एक माणूस नेमा. हॉलचा म्हणून. पगार पालिकेचा, किल्ली त्याच्याकडे, खडू त्याच्या खिशात. सकाळी साडेसात ते रात्री नऊ. सकाळी कुणी नसलं तर अभ्यासाला पोरं येतील. आपल्या गावात स्पर्धा परीक्षेची पोरं घरात जागा नाही म्हणून रेल्वे स्टेशनच्या बाकावर वाचतात, ती इथे बसतील. फरशी थंड आहे, उजेड चांगला आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि हा कबुलीजबाब आहे. मुख्याधिकारी साहेब, हे तुम्ही जरा बसून वाचा.

हॉल बंद झाला तेव्हा कपाटं रिकामी करून सामान नव्या इमारतीत हलवलं. हॉलचं शेवटचं आरक्षण रजिस्टर रद्दीच्या गठ्ठ्यात पडलेलं मला दिसलं. मी ते उचललं, पिशवीत घातलं आणि घरी आणलं. शासकीय दप्तर घरी नेणं हा गुन्हा आहे, मला नियम माहीत आहेत, निवृत्त होताना 'माझ्याकडे कार्यालयाचे कोणतेही दप्तर नाही' असं मी सही करून दिलंय. ती सही खोटी होती. रजिस्टर माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलंय.

नवं रजिस्टर हॉलच्या टेबलावर उघडाल त्या दिवशी मी जुनं घेऊन येते. काय कारवाई करायची ती करा. पण आल्या आल्या एक काम करायचं आहे. शेवटच्या पानावर शेवटची नोंद एका भजनी मंडळाची आहे, आषाढातली. भाडे भरलेलं, अनामत पाचशे रुपये भरलेली. कार्यक्रमाच्या आधीच हॉलला सील लागलं. 'अनामत परत'चा रकाना कोरा आहे. मंडळातल्या चौघीजणी अजून आहेत, मी विचारून ठेवलंय. येताना पाचशेचं व्हाउचर तयार ठेवा.

आपली,
हॉलवाली बाई
(निवृत्त लिपिक)